दोन्ही शर्यतींत दुसरं आलेलं तेल

आमच्या घरात भांडणं तशी कमीच. आई-आबांचं चांगलं पटायचं, शेजाऱ्यांशी येणंजाणं होतं, भावकीतले वाद आजोबांच्या पिढीतच मिटले होते. पण एका थंडीत आमच्या घरात सरळ दोन तट पडले, आणि ते पडले तेलावरून. फोडणीच्या नव्हे, इंजिनाच्या. एका जुन्या, दोन माणसांच्या, कापडी टपाच्या विलायती मोटारीत पातळ तेल घालायचं की जाड, एवढाच प्रश्न होता. हे लिहिताना मला हसू येतंय. त्या वेळी मात्र कुणीच हसत नव्हतं. माझा बापूमामा आमच्याकडं येऊन चहा न पिता परत गेला होता, आणि भावानं बहिणीच्या घरचा चहा नाकारणं म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आमचं घर उंब्रजला, हायवेला लागूनच. पुढं आबांचं गॅरेज, मागं दोन खोल्या, त्यामागं परसात आईची चूल, न्हाणी आणि एक म्हैस. आबांची सगळी नोकरी फौजेतल्या गाड्यांच्या वर्कशॉपात गेली, तीही बर्फाच्या मुलखात. पेन्शनवर घरी आले तरी फौज त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. उजाडायच्या आत दाढी, बुटांना पॉलिश, आणि मग त्याच पॉलिश केलेल्या बुटांनी गाडीखाली शिरणं. जेवताना त्यांचं ध्यान ताटात कमी आणि रस्त्यावर जास्त असायचं. भाकरीचा घास हातात धरून ते मध्येच थांबायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "त्या ट्रकचं बेरिंग गेलं. कराडपातुर जाईल, फुडं न्हाई." आई म्हणायची, "आवं, तुमचा घास जाऊ द्या की आधी फुडं." खर्डा, म्हशीचं दही, चुलीवरची बाजरीची भाकरी, आणि या सगळ्याला लागलेला डिझेलचा बारीकसा वास, हे माझं बालपण. मला आजही अगदी शांत जागी झोप लागत नाही. एखादा ट्रक गिअर बदलत चढ चढतोय असं ऐकू आलं की डोळा लागतो.

कॉलेजसाठी मात्र मी सांगलीला गेले आणि भाऊकाकांकडं राहिले. भाऊकाका वकील होते. त्यांची ती मोटार एकदा वाईला जाताना आमच्या दारात बंद पडली होती. आबांनी ती दुरुस्त केली, तेव्हापासून दोन घरांचा संबंध. मी शास्त्र शाखेला जाणार असं कळल्यावर माईकाकूंनी आबांना निरोप धाडला, "मुलीला वसतिगृहात कशाला ठेवता? आमचं घर रिकामंच आहे." त्यांचा एकुलता मुलगा विनायकदादा पुण्याला नोकरीत होता. तिथं मी मेतकूट-भात खायला शिकले, तूप वरून घ्यायचं असतं हे शिकले, आणि रविवारी सकाळी भडंगाचा डबा मध्ये ठेवून दोन म्हातारी माणसं किती लाडानं एकमेकांची उणीदुणी काढू शकतात तेही पाहिलं. "अहो, शेंगदाणे वेचून खाऊ नका, शैलाला फक्त चुरमुरे उरतात." "शैला सायन्सची आहे, तिला कळतं की शेंगदाणे जड असतात आणि आपोआप माझ्या बाजूला येतात." असं चालायचं.

मोटार त्यांच्या पोर्चमध्ये खाकी कापडाखाली उभी असायची. रंग पिकल्या डाळिंबाचा, पुढचे दोन दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले, आणि आत जेमतेम दोन माणसांची जागा. भाऊकाकांच्या डोळ्यांना कमी दिसू लागल्यापासून ती हललीच नव्हती. रविवारी भडंग संपलं की आम्ही कापड काढायचो. मी पुसायचे आणि भाऊकाका आत बसून प्रवासाला निघायचे. म्हणजे गाडी जागच्या जागी, इंजिन बंद, आणि हे स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणणार, "आता इस्लामपूर गेलं हं. आता कराडचा पूल. शैला, बघ, खाली कृष्णामाई किती भरलीय." मी म्हणायचे, "काका, उंब्रजला थांबा, आई चहा करतेय." मग आम्ही थांबायचो. माईकाकू दारातून बघायच्या आणि डोळ्यांना पदर लावून आत जायच्या. त्या हसत असायच्या की रडत, ते मला तेव्हा नीट कळायचं नाही. आता मी त्यांच्या वयाला येत चाललेय, आता कळतं. दोन्ही एकदम येतं.

त्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधी विनायकदादा आला, आणि जेवताना त्यानं विषय काढला. हायवेवरच्या एका नव्या हॉटेलवाल्याला ती मोटार हवी होती. चालवायला नव्हे. बागेत चौथरा बांधून त्यावर ठेवायला. इंजिन काढून टाकायचं, आत दिवे लावायचे, लोक शेजारी उभे राहून फोटो काढतील. दादा काही वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं, इथं गंजून माती होण्यापेक्षा तिथं निदान दिसेल तरी. भाऊकाकांनी ताक संपवलं, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "मार्गशीर्षात वाईला, आपल्या मूळ गावी, माझं सहस्रचंद्रदर्शन करणार आहात ना? हजार पौर्णिमा पाहिल्या म्हणून ओवाळणार. मग मी वाईला याच गाडीनं जाणार. ती आपल्या पायांनी वाईच्या घाटावर पोचली, तर ती या घरात राहील, इंजिनासकट. वाटेत कुठं तिला दोर बांधावा लागला, तर तुझा हॉटेलवाला आणि तू." दादा म्हणाला, "कबूल." माईकाकूंनी सगळ्यांना भात वाढला. इंजिन काढलेल्या त्या गाडीत कुणीतरी रंगीत बल्ब लावतंय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

गाडी ट्रकवर चढवून उंब्रजला आली. गावातल्या पोरांनी तिचं टोपीवाली असं नाव ठेवलं. आबांनी ब्रेक केले, टायर मिळवले, कार्बोरेटर खोलून रॉकेलमध्ये धुतला. इंजिन उघडून पाहिलं आणि माझ्याकडं बघून मान डोलावली, "जुनं हाय, पर हाडं शाबूत हायती." आतले भाग झिजून त्यांच्यातल्या फटी रुंदावल्या होत्या, एवढंच. प्रश्न राहिला तेलाचा. आबांचं मत पक्कं होतं, तीस नंबरचं पातळ तेल. बर्फातल्या गाड्यांवर त्यांचा जन्म गेलेला. पहाटे गारठलेल्या इंजिनात जाड तेल वर चढत नाही, आणि ते चढेपर्यंत वरचे भाग कोरडे घासतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. "सकाळची पहिली दोन मिंटं म्हंजे इंजिनाचं निम्मं आयुष्य," असं ते कुणालाही, अगदी दूध घालायला आलेल्या बाईलाही सांगत.

बापूमामाचं मत याच्या बरोब्बर उलट. मामा कुंडलचा, आईपेक्षा धाकटा, उसाची शेती, दोन ट्रॅक्टर आणि स्वतःचं गुऱ्हाळ. त्यानं सगळं जग उसाच्या रसातून पाहिलेलं. रस पातळ, तो कुणीही देतो. काकवी दाट, ती पाहुण्याला. काकवी चमच्यावरून जितकी सावकाश पडेल तितकी भारी. त्याच हिशेबानं तेलही जितकं दाट तितकं चांगलं, आणि म्हाताऱ्या इंजिनाला तर दाटच पाहिजे. "दाजी, फटी पडल्यात म्हनताय न्हवं? मग पातळ त्याल त्या फटीतनं पळून जानार. पन्नास नंबर घाला. लय झालं तर जरा सावकाश फिरंल, पर धरून ठिवंल." यातही खोटं काही नव्हतं. दोघंही आपापल्या जागी अर्धे खरे होते. अशा दोन माणसांचा वाद मिटवणं फार अवघड, हे मी पुढं शिक्षिका झाल्यावर स्टाफरूममध्येही अनुभवलं.

आणि मग भाऊबीज आली. आईनं मामाला पाटावर बसवलं, टिळा लावला, ओवाळलं. मामानं पिशवीत हात घातला. आम्हाला वाटलं, दरवर्षीसारखं लुगडं. त्यानं पन्नास नंबरच्या तेलाचा अख्खा डबा काढून ताटाशेजारी ठेवला, वर हळदकुंकू वाहिलं आणि आबांकडं न बघता म्हणाला, "अक्का, ही तुझी ओवाळणी." आबांचा चेहरा मी विसरणार नाही. भावानं बहिणीला घातलेली ओवाळणी परत करता येत नाही. ती न वापरता कोपऱ्यात ठेवणं म्हणजे माहेराला नाक मुरडणं. मामाला हे आबांपेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि तो चकलीचा तुकडा मोडत अगदी साळसूदपणे छताकडं बघत होता. आई डब्याकडं बघून म्हणाली, "तसं लुगडंबी चाललं असतं रं." पण डबा तिनं पदरानं पुसून देवापुढं ठेवला. दुसऱ्या दिवशी आबांनी, फौजेतल्या माणसानं वरचा हुकूम पाळावा तसं, ते तेल टोपीवालीत ओतलं.

पहिली चाचणी ऐन गारठ्यात झाली. माझी सुट्टी संपायची होती, म्हणून मी हजर होते. आबांनी स्टार्टर दाबला. इंजिन एकदा कण्हलं, थांबलं, पुन्हा कण्हलं, आणि कसंबसं चालू झालं. आणि तेलाच्या दाबाचा काटा जो वर गेला, तो पार टोकाला! मामानं टोपी काढून हवेत उडवली. "बघा काटा! दाजी, बघा! झेंडा लावलाय झेंडा!" आबांची मान मात्र तिरकी झाली होती. वरून, बॉनेटखालून, टकटक टकटक असा आवाज येत होता. त्यांनी झटकन इंजिन बंद केलं. "काटा वर गेला कारन त्याल अडलंय," ते म्हणाले. "पंपात दाब लय, पर वर थेंब पोचला न्हाई. ऐका की, वरचं सगळं कोरडं वाजतंय." मामा म्हणाला, काटा खोटं बोलतो का? आबा म्हणाले, काटा पंपाजवळचं सांगतो, इंजिनाच्या डोक्यातलं नाही. मामा म्हणाला, तुमाला आमचं त्यालच नको हाय, सरळ सांगा की. आणि तो चहा न पिता निघून गेला. तोच तो चहा. आई पेला हातात घेऊन दारात उभी राहिली होती.

पण आमच्या आईला कमी समजू नये. चार दिवसांनी तिनं आबांना सांगितलं, "ओवाळणी माजी हाय. तिचं काय करायचं ते मी सांगनार." टोपीवालीतलं तेल काढून गाळायचं, आणि आमच्या मळ्यातल्या पाण्याच्या इंजिनात घालायचं. ते इंजिन जाडंभरडं, दिवसभर एकाच चालीनं धकधकणारं, त्याला पन्नास नंबर मानवण्यासारखं. मग तिनं कुंडलला निरोप धाडला, "बापू, तुज्या त्यालावर माज्या गव्हाला पानी चाललंय." मामा दुसऱ्याच दिवशी काकवीचा गडवा घेऊन हजर. दोन पेले चहा प्याला.

आता पाळी आबांच्या तीस नंबरची. ही चाचणी साताऱ्यापर्यंत आणि परत. दोनच जागा, म्हणून आबा चालवायला आणि शेजारी मामा. मी तोवर सांगलीला परतले होते, त्यामुळं ही हकीकत मी मामाच्या तोंडून ऐकली, आणि तशी ती सगळ्या उंब्रजनं ऐकली. सकाळी इंजिन एका झटक्यात लागलं, टकटक नाही, सगळं लोण्यासारखं. आबा शीळ वाजवत साताऱ्याला पोचले. परत निघेपर्यंत ऊन चढलं, इंजिन चांगलं तापलं, आणि एका फाट्यावर उसाच्या बैलगाड्या आडव्या आल्या म्हणून थांबावं लागलं. तिथं तो काटा हळूहळू खाली बसायला लागला. बसला, बसला, आणि पार तळाला गेला. मामानं पुढं वाकून काचेवर टिचकी मारली आणि विचारलं, "दाजी, हा झोपला का काय?" आबा घरी आले ते थेट न्हाणीत गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. वाईपर्यंत भाऊकाकांना घेऊन जायचं, वाटेत दहा ठिकाणी थांबायचं, ओवाळून घ्यायचं. काटा असा झोपला तर इंजिन जाम होणार आणि दोर येणार. मार्गशीर्ष तोंडावर आला होता.

शनिवारी मी सांगलीहून एसटीनं निघाले तेव्हा माझ्या एका हातात भडंग होतं आणि दुसऱ्या हातात तेलाचा डबा. स्पेअर पार्टच्या दुकानात मी सरळ विचारलं होतं, थंडीत पातळ आणि गरम झाल्यावर जाड राहील असं काही मिळतं का. दुकानदार म्हणाला, जाड तर कुठलंच होत नाही बाई, पण कमी पातळ होणारं मिळतं. त्यावर दोन नंबर होते, वीस आणि पन्नास. वीस हा आकडा बर्फातल्या थंडीचा; आपल्याकडच्या गारठ्यात ते तीसपेक्षा जरा जाडच, पण पन्नाससारखं अडत नाही, आणि तापल्यावर मात्र पन्नाससारखं वागतं. घरी मी डबा ठेवला, आणि आबांनी दोन्ही नंबर मोठ्यानं वाचले. "एका डब्यावर दोन नंबर? असा मानूस आमच्या युनिटात आला असता तर मी त्याला गेटवरनंच माघारी धाडला असता." मामाही होताच. "दोन्हीकडनं बोलनारं हाय हे, दाजी." "अगदी बराबर बोललास, बापू." महिनाभर एकमेकांशी हुज्जत घालणारी ही दोन माणसं माझा डबा नको, एवढ्या एकाच गोष्टीवर एक झाली. मला असला राग आला म्हणता! मी म्हटलं, "मग शर्यत लावू या."

शर्यत हा शब्द आमच्याकडं फुकट जात नाही. बैलगाड्यांच्या शर्यतीसाठी मामा पाच-पंचवीस कोस जाणारा माणूस, आणि आबाही काही कमी नव्हते. मी गॅरेजमधला एक सपाट पत्रा घेतला, त्यावर खडूनं तीन पट्टे ओढले आणि तो विटांवर तिरका टेकवून अंगणात दहिवरात ठेवला. शेजारी तीन वाट्यांत तीन तेलं. सकाळी सगळं गार पडलेलं. म्हशीचं दूध घ्यायला आलेल्या बाया थांबल्या, पोरं जमली, मामानं स्वतःच झेंडेवाल्याचं काम घेतलं आणि खांद्यावरचा टॉवेल वर धरला. टॉवेल पडला, तशा मी पोरांच्या मदतीनं तिन्ही वाट्या एकदम कलत्या केल्या. "हान रं, हान!" आबांचं तीस नंबर सुटलं आणि सगळ्यांआधी खाली पोचलं. त्याच्यामागून, थोडं अंतर ठेवून, माझं. मामाचं पन्नास नंबर पत्र्याच्या मध्यावर येऊन विचार करत बसलं. "आमचा बैल अजून उठला न्हाई," मामा म्हणाला. "बैल न्हाई त्यो, रेडा हाय," कुणी बाई म्हणाली, आणि आई तोंडात पदर कोंबून हसत सुटली.

मग मी वाट्या बंबातल्या उकळत्या पाण्यात धरल्या आणि पत्र्यावरही गरम पाणी ओतून तो तापवला, पुसला. टॉवेल पुन्हा पडला. तीस नंबर पाण्यासारखं सरसर खाली गेलं, नजर ठरायच्या आत. आबांनी मांडीवर थाप मारली, "दोन्ही जिंकल्या! दोन्ही!" माझं पुन्हा दुसरं आणि मामाचं पुन्हा शेवटचं, पण या खेपेला दोघं जवळजवळ खांद्याला खांदा लावून उतरली. आबांचा हात मांडीवर तसाच राहिला. त्यांच्या लक्षात येत होतं. तापल्यावर असं पळणारं तेल फटींत थांबणार नव्हतं, आणि काटा झोपला तो त्यामुळंच. आईनं विचारलं, "मग जिंकलं कोन?" मी म्हटलं, "जे दोन्हीकडं दुसरं आलं ते. गारठ्यात अडलं न्हाई, आणि तापल्यावर पळालं न्हाई." आबा उकिडवे बसले, माझ्या वाटीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, आणि बराच वेळ चोळत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "भर." मला इतका आनंद झाला की मी ती वाटी हातात घेऊनच आईला मिठी मारली. आईच्या लुगड्यावरचा तो डाग कधीच गेला नाही, आणि ती तो सगळ्यांना दाखवायची.

हल्ली माझा भाचा मोबाईलवर जुन्या गाड्यांच्या शौकीन लोकांचा एक गट मला वाचून दाखवतो. देशोदेशीची माणसं. तिथंही हाच वाद, अगदी हातघाईवर येऊन. निम्मे आमचे आबा आणि निम्मे बापूमामा. मी भाच्याला म्हणते, यांना एक तिरका पत्रा आणि चार बाया पाठवून दे. तो म्हणतो, मावशी, तसं लिहिता येत नाही.

तर आबांनी नवं तेल भरून टोपीवाली आदल्या दिवशी सांगलीला नेली, आणि मार्गशीर्षातल्या त्या सकाळी आम्ही तिथून निघालो. पुढं टोपीवाली, त्यात आबा आणि भाऊकाका, टप उघडा, भाऊकाकांच्या डोक्याला मफलर. मागं मामाची जीप, त्यात मामा, आई, माईकाकू आणि मी. सगळ्यांत शेवटी विनायकदादाची गाडी. त्याच्या डिकीत दोर आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यानंही ते लपवलं नव्हतं. इस्लामपूर गेलं. कराडचा पूल आला, तसा पुढच्या गाडीतून भाऊकाकांचा हात वर गेला आणि त्यांनी नदी दाखवली. कुणाला दाखवली, ते मला ठाऊक होतं. उंब्रजला सगळा गाव रस्त्यावर. आईनं जीपमधून उतरून आपल्या दारात भाऊकाकांना ओवाळलं, आणि तेवढा सगळा वेळ इंजिन चालू, उन्हात, जागच्या जागी. मी धावत पुढं गेले आणि काटा पाहिला. जरा खाली आला होता, पण मध्याच्या थोडा अलीकडं घट्ट बसून होता. आबा मला म्हणाले, "जागा हाय, जागा हाय." साताऱ्यात कंदी पेढे घेतले. मामानं पहिला पेढा गाडीच्या बॉनेटवर ठेवला, मग स्वतःच खाल्ला.

वाईच्या फाट्यावर, पाचवडला, आबांनी गाडी बाजूला घेतली. मी जीपमधून खाली उडी टाकली. मागं विनायकदादाही उतरला. पण आबा हसत होते. "गाडी रेडी हाय. पर ह्यो मानूस आपल्या गावात शिरताना शेजारी मी शोभत न्हाई. आता दोगांनी जावा." दोघांनी म्हणजे कुणी? भाऊकाकांना समोरचा बैलही धड दिसत नव्हता. तेवढ्यात माईकाकू जीपमधून उतरल्या. नऊवारीचा काचा त्यांनी घट्ट केला, शालीचं टोक खोचलं आणि गाडीला वळसा घालून चालवायच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. "सरा," त्या आबांना म्हणाल्या. दादा म्हणाला, "आई, तुला गाडी कधी येत होती?" "तुझ्या जन्माआधी," त्या म्हणाल्या. "यांनी शिकवली, हरिपूरच्या रस्त्यावर, पहाटे. सासूबाई उठायच्या आत परत यायचो. मग तू झालास आणि राहिलं." भाऊकाका मफलर सारखा करत म्हणाले, "क्लच सावकाश सोड. तू नेहमी घाई करतेस." "तुम्ही गप्प बसा आणि शेंगदाणे खा," माईकाकू म्हणाल्या, आणि गाडी एक मोठा गचका खाऊन निघाली. दुसरा गचका नाही. झाडांच्या सावल्या त्यांच्या पांढऱ्या डोक्यांवरून सरकत गेल्या. मी त्या दिवशी रडले, आणि अगदी खुशाल रडले. आई तर केव्हाची सुरू होती.

वाईच्या घाटावर आम्ही पोचलो तेव्हा टोपीवाली देवळासमोर उभी होती, भोवती भाऊबंदांची गर्दी, आणि माईकाकूंनी अजून इंजिन बंद केलं नव्हतं. "सगळ्यांना ऐकू दे," त्या म्हणत होत्या. सुवासिनी दिव्यांची ताटं घेऊन ताटकळल्या होत्या, पण या दोघांना उतरायची घाई नव्हती. विनायकदादा गर्दीतून पुढं आला. त्यानं वाकून काटा पाहिला. मग बॉनेटवर हात ठेवला, लहान मुलाच्या तापलेल्या अंगाला हात लावून बघतात तसा. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते. तो आबांकडं वळला. "पुढच्या वेळी," तो म्हणाला, "तेल कुठलं घालायचं?"

पुढच्या वेळी, असं म्हणाला तो. भाऊकाकांनी ते ऐकलं, आणि त्यांनी माईकाकूंचा स्टिअरिंगवरचा हात धरला. आबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मामानंही उघडलं. मग दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि दोघांनीही एकदमच माझ्याकडं बोट केलं.